दवाखाना तपासायचा कुणी?

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातले म्हसावद हे सातपुड्याच्या पायथ्याचे मोठे गाव. आसपासच्या खेड्यापाड्यांचा बाजारहाट इथला, पोलीस ठाणे इथले आणि ग्रामीण रुग्णालयही इथलेच. डोंगराकडून जीप धरून आलेल्या तापकरी माणसापुढे अशा गावात तीन दारे असतात. पहिले सरकारी रुग्णालयाचे. दुसरे खाटा असलेल्या खासगी हॉस्पिटलचे. तिसरे बिनखाटांच्या दवाखान्याचे: एक खोली, मधे पडदा, बाहेर बाक, आत टेबल, इंजेक्शनचा ट्रे आणि खिळ्याला टांगलेली सलाईनची बाटली. या तिन्हींपैकी कुठल्या दारात तपासणीसाठी कोण येतो, किती वेळा येतो, काय बघतो आणि त्याने जे पाहिले ते रुग्णाला कळते का, हा या लेखाचा विषय आहे.

कायदे, नियम आणि योजनांचा सगळा पसारा चाळल्यावर हाती येणारे उत्तर चमत्कारिक आहे. सरकारी दारात तपासण्यांची रीघ आहे. खाटांच्या दारात कागदोपत्री पुरेसे बंधन आहे. बिनखाटांच्या दारात मात्र नियमाने येणारे जवळजवळ कुणीच नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2017-18 च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुखण्याखुपण्यासाठी सरकारी दवाखान्यात जाणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश आहे. म्हणजे बहुतेक लोक खासगी दारांत जातात, आणि त्यांतल्याच बिनखाटांच्या दारात देखरेख सर्वांत पातळ आहे.

सरकारी दार: तपासण्या उदंड

सरकारी आरोग्य संस्थेवर नजर ठेवणारे इतके आहेत, की रुग्ण बघावेत की तक्ते भरावेत असा प्रश्न तिथल्या कर्मचाऱ्यांना पडतो. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येते. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. कुठे काय असायला हवे हे सांगणारी भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके 2007 मध्ये आली आणि 2012 व 2022 मध्ये सुधारली गेली. सपाटीवर 30 हजार लोकांमागे एक आणि आदिवासी व डोंगराळ भागात 20 हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा हिशेब त्यांतलाच. जे आहे ते कसे चालते हे मोजण्यासाठी 2013 मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके म्हणजे ‘एनक्यूएएस’ आली, 2015 मध्ये स्वच्छतेवर भर देणारी ‘कायाकल्प’ आणि 2017 मध्ये प्रसूतिगृहासाठीची ‘लक्ष्य’.

एनक्यूएएसची तपासणी जवळून बघण्यासारखी असते. सेवा, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, उपचार, जंतुसंसर्गाला आळा, दर्जा-व्यवस्थापन आणि परिणाम अशा आठ अंगांची भलीमोठी यादी मूल्यमापक घेऊन येतो. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. गुण द्यायचे चार मार्ग: स्वतः बघणे, कर्मचाऱ्याला विचारणे, नोंदी चाळणे आणि रुग्णाशी बोलणे. तो परिचारिकेला हात धुऊन दाखवायला सांगतो आणि सहाही पायऱ्या होतात का ते बघतो. सफाई कामगाराला विचारतो, सांडलेल्या रक्तावर टाकायचे हायपोक्लोराईटचे द्रावण कसे करता? औषधाच्या कपाटात मुदत आधी संपणारी पाकिटे पुढे आहेत की मागे, लसींच्या फ्रीजचे तापमान दोन ते आठ अंशांत राहिल्याची नोंद रोजची आहे की एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेली, प्रसूतिगृहातले सातही ट्रे भरलेले आहेत का, हे सगळे तो पाहतो. बाहेर बाकावरच्या बाईला विचारतो, ‘औषध इथेच मिळाले की बाहेरून आणायला सांगितले?’ प्रमाणपत्रासाठी किमान 70 टक्के गुण लागतात. कायाकल्पमध्ये आधी संस्था स्वतःचे मूल्यमापन करते, मग दुसऱ्या संस्थेतले लोक येतात आणि शेवटी बाहेरचे. एकमेकांचे काम एकमेकांनी बघण्याची ही मधली पायरी मोलाची आहे, कारण कुठली सबब खरी आणि कुठली नेहमीची, हे त्याच कामातल्या माणसाला चटकन कळते.

या पद्धतीची दुखणी दोन. तपासणीचा दिवस आधी ठरतो, त्यामुळे त्याआधीचे पंधरा दिवस रंगरंगोटी, फलक आणि रजिस्टरे पूर्ण करण्यात जातात. आणि तपासणीने त्रुटी दिसते, भरून निघत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा रिकामी असेल तर मूल्यमापक शून्य गुण देऊन जातो. जागा भरणे त्याच्या हातात नसते. दुर्गम जिल्ह्यांत हीच त्रुटी सर्वांत मोठी असते.

आगीच्या प्रश्नात हे ठळकपणे दिसले. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागून दहा बालके गेली. राज्यभर अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण दगावले. तपासणीचा आदेश आणि त्रुटी दूर करण्यासाठी लागणारे पैसे, माणसे, मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दहा महिन्यांनी दाखवले.

तपासणीचा तमाशा कसा होतो तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात होते. त्यानंतर पाहणीला आलेल्या तत्कालीन खासदारांनी अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावले आणि ती चित्रफीत घरोघरी पोचली. संडास घाण होते हे खरेच. पण औषधखरेदी का अडली, नवजात कक्षात मंजूर क्षमतेच्या किती पट बाळे होती, या प्रश्नांची उत्तरे झाडूने मिळत नाहीत.

खाटांचे दार: कायदा जुना, फेरी बेभरवशाची

खासगी हॉस्पिटलांसाठी 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. आधी तो ‘मुंबई’ नावाने होता, आता ‘महाराष्ट्र’. रुग्णाला ठेवून घेणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची, ठरावीक मुदतीने नूतनीकरण करायचे आणि स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकाऱ्याने तपासणी करायची, असा त्याचा साचा. जानेवारी 2021 मध्ये नियम बरेच सुधारले गेले: रुग्णहक्कांची सनद लावणे, दरपत्रक दिसेल असे ठेवणे, तक्रार निवारणाची सोय करणे, बिलासाठी मृतदेह अडवून न ठेवणे हे सारे त्यांत आले. याखेरीज 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. क्ष-किरण यंत्र असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते.

या साऱ्यांत एकच बंधन खऱ्या अर्थाने दात असलेले आहे: गर्भलिंगनिदानाविरुद्धचा 1994 चा कायदा. सोनोग्राफी यंत्र कुठे ठेवले आहे, ते कोण चालवतो, गरोदर बाईची तपासणी कशासाठी झाली, याच्या नोंदी ‘एफ’ फॉर्मवर लागतात आणि समुचित प्राधिकाऱ्याने प्रत्येक केंद्र दर 90 दिवसांनी तपासावे असे नियमातच लिहिले आहे. या कायद्यालाही पळवाटा सापडल्या. मार्च 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला एकोणीस भ्रूण सापडले, ते एका विवाहितेच्या मृत्यूनंतर सुरू झालेल्या पोलीस तपासात. नेमाच्या पाहणीत नव्हे. तरीही या कायद्याची शिकवण मोलाची आहे. कोणी, किती दिवसांनी आणि नेमके काय बघायचे हे जिथे लिहिलेले असते, तिथे निदान फेरी तरी होते. इतर कायद्यांत ‘तपासणी करता येईल’ असे असते, आणि जे करता येते ते बहुधा तक्रार आल्यावरच केले जाते.

बाकावरची सलाईन

आता तिसरे दार. शुश्रूषागृहाचा कायदा खाटांना लागतो. ज्याच्याकडे रुग्ण रात्री राहत नाही असा दवाखाना त्याच्या कक्षेबाहेर राहतो. मग बाकावर तीन तास आडवा पडून दोन बाटल्या घेणारा शेतमजूर कायद्याच्या नजरेत दाखल झालेलाच नसतो. इंजेक्शननंतर त्याला रिॲक्शन आली तर ॲड्रेनॅलिनची कुपी, श्वासासाठीची अंबू बॅग, ऑक्सिजन यांतले काय हाताशी आहे, हे विचारायला कुणीही येत नाही.

या दारात कोण बसतो? महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात खासगी डॉक्टर बहुतांशी आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत. त्यांनी ॲलोपॅथीची औषधे किती व कोणती द्यावीत यावर 1990 च्या दशकातल्या अधिसूचनांपासून 2014 च्या कायदादुरुस्तीपर्यंत आणि त्यानंतरही कोर्टबाजी चालू आहे. या वादात जोर सगळा पदवीवर आहे. पदवी कुठली का असेना, सुई नवी आहे का, हा प्रश्न मागे पडतो. तीन पॅथींच्या तीन परिषदा आहेत; त्या डॉक्टरची नोंदणी ठेवतात आणि तक्रार आली तर सुनावणी घेतात. खोली बघायला त्या येत नाहीत.

त्याच्याही पलीकडे पदवीच नसलेला ‘डॉक्टर’ आहे. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, 1961 च्या कलम 33 नुसार नोंदणीशिवाय वैद्यकी करणे हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. जिल्हा व तालुका पातळीवर बोगस डॉक्टर शोधण्यासाठी समित्या आहेत. नंदुरबारच्या दुर्गम भागातून अशा कारवायांच्या बातम्या येत राहतात: तालुका आरोग्य अधिकारी, पोलीस, पंचनामा, जप्त केलेली इंजेक्शने आणि सलाईन. पण तो माणूस गावकऱ्यांना परका वाटत नाही, हेही मान्य करायला हवे. तो पाड्यावर मोटारसायकलने येतो, रात्री उठतो, पैसे ऊस किंवा मिरचीचे झाल्यावर घेतो आणि एका सुईत ताप उतरवतो. त्याला उचलून नेले आणि उपकेंद्राला कुलूपच राहिले, तर त्याची जागा दुसरा घेतो.

धोका काल्पनिक नाही. या शतकाच्या सुरुवातीला देशभर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांपैकी सुमारे 63 टक्के कुठल्या ना कुठल्या कारणाने असुरक्षित आढळली होती. शेजारच्या गुजरातमध्ये, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात, 2009 मध्ये काविळीच्या ‘ब’ विषाणूची साथ पसरली आणि अनेकांचा बळी गेला. संशय वळला तो पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजांकडे. 2018 च्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात सायकलवर फिरणाऱ्या भोंदू डॉक्टरच्या सुईतून एचआयव्ही पसरल्याचे प्रकरण गाजले.

या दाराला लागणारे एकच सार्वत्रिक बंधन म्हणजे 2016 चे जैववैद्यकीय कचरा नियम. खाट असो वा नसो, दवाखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात. आणि कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. नियम उत्तम आहेत. पण कचरा नेणारी गाडी डोंगराच्या कडेच्या गावात नेमाने येणे अवघड, आणि मंडळाचा माणूस येणे त्याहून. म्हणून सुया कुठे जातात याचे उत्तर पुष्कळदा दवाखान्याच्या मागच्या बाजूला मिळते.

शेजारची राज्ये आणि अडलेला कायदा

ही फट बुजवण्यासाठी संसदेने 2010 मध्ये वैद्यकीय आस्थापना कायदा केला. 1 मार्च 2012 पासून तो काही राज्यांत लागू झाला. सगळ्या पॅथी, सगळ्या प्रयोगशाळा आणि एका डॉक्टरचा दवाखानाही त्यात येतो. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने ज्याने त्याने तो स्वीकारायचा होता. महाराष्ट्राने स्वीकारला नाही. स्वतःचा करू म्हणून 2014 मध्ये मसुदा झाला, तो पुढे सरकला नाही. नंदुरबारच्या सीमा दोन राज्यांना भिडतात. सातपुड्यापलीकडच्या मध्य प्रदेशात दवाखान्यांनाही लागू होणारा कायदा 1973 पासून आहे. गुजरातने 2021 मध्ये स्वतःचा केला. तिथे सारे आलबेल आहे असे नव्हे. मध्य प्रदेशातही बोगस डॉक्टरांचा सुळसुळाट आहेच. पण तिथे निदान गावात किती दवाखाने आहेत हे सरकारी वहीत असण्याची सोय आहे. ज्याची नोंदच नाही ते तपासणार कसे?

डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध नुसता हटवाद म्हणून झटकता येणार नाही. इन्स्पेक्टर राज येईल, दर सरकार ठरवेल, मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांच्या मापाची मानके खेड्यातल्या दवाखान्यावर लादली जातील आणि तो बंद पडेल, अशी त्यांची भीती. यातली पहिली आणि तिसरी भीती रास्त आहे. तपासनिसाच्या हाती मोघम अधिकार दिले की पाकिटे सुरू होतात, आणि पाकिटे सुरू झाली की सुई आणखीच मागे पडते. दवाखान्याला अतिदक्षता विभागाचे नियम लावणेही वेडेपणाचे.

इंग्लंडच्या दारावरची पाटी

छोटा दवाखाना तपासण्याचा सर्वांत मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. तिथल्या केअर क्वालिटी कमिशनकडे 2013 पासून सगळ्या फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने नोंदले गेले. पाच प्रश्न: दवाखाना सुरक्षित आहे का, उपचार परिणामकारक आहेत का, वागणूक आपुलकीची आहे का, गरजेला तत्पर आहे का, कारभार नीट आहे का. त्यावरून चारपैकी एक श्रेणी. आणि एप्रिल 2015 पासून ती श्रेणी दवाखान्यात सगळ्यांना दिसेल अशी लावणे कायद्याने सक्तीचे झाले. नापास दवाखान्याला सुधारण्याची मुदत मिळते आणि मग पुन्हा तपासणी होते.

तिथेही रड आहे. 2024 मध्ये सरकारने नेमलेल्या डॉ. पेनी डॅश यांच्या पुनरावलोकनाने या कमिशनचेच वाभाडे काढले: अनेक श्रेणी वर्षानुवर्षे जुन्या, तपासण्या रखडलेल्या, काही तपासनिसांना त्या क्षेत्राचा अनुभवच नाही. श्रीमंत देशाला जे झेपत नाही त्याची नक्कल आपण करू नये. पण निकाल दारावर लावण्याची कल्पना स्वस्त आहे. आपल्याकडचा कायाकल्पचा गुणांक फाइलीत राहतो आणि बक्षीस मिळाले तर वर्तमानपत्रात येतो. बाकावर बसलेल्या माणसाला तो दिसत नाही.

नंदुरबारने आधीच केलेली तपासणी

वास्तविक याचा धडा घ्यायला इंग्लंडपर्यंत जायची गरज नव्हती. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 मध्ये महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुणे, ठाणे, अमरावती, उस्मानाबाद आणि नंदुरबार हे ते जिल्हे. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे राज्याचा समन्वय होता. गाव, आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांवर समित्या झाल्या. गावकऱ्यांनी प्रश्नावली घेऊन नर्सताई येते का, औषध मिळते का, पैसे मागितले जातात का याची उत्तरे गोळा केली आणि ती हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांच्या प्रगतिपुस्तकात भरली. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही आपल्या केंद्राचा रंग कळत होता. मग जनसुनवाई. समोर अधिकारी, मागे डॉक्टर आणि माईकवर पाड्यावरची बाई. बाहेरून आणायला लावलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, बेकायदा घेतलेले पैसे, मुक्कामी न राहणारे डॉक्टर, बंद रुग्णवाहिका हे सगळे तिथे उघड्यावर आले. काही गोष्टी जागच्या जागी मिटल्या, काही वरच्या सुनावणीला गेल्या, आणि पुढच्या वेळी मागच्याचे काय झाले हे विचारले गेले. तपासणीत जे सर्वांत दुर्मीळ असते, ते ‘मागच्या वेळचे काय?’ हा प्रश्न, इथे पद्धतीतच होते. एकच उणीव: ही देखरेख सरकारी दारापुरती होती.

दुसरे उदाहरण कोविडच्या काळातले. डॉ. राजेंद्र भारूड जिल्हाधिकारी असताना नंदुरबारने 2020 मध्येच ऑक्सिजन प्रकल्प उभारायला सुरुवात केली, याचे देशभर कौतुक झाले. त्याइतकीच महत्त्वाची होती ‘ऑक्सिजन नर्स’ ही कल्पना: कोणत्या रुग्णाला किती प्रवाह लागतो, जेवताना मास्क काढल्यावर नळी चालूच राहिली का, हे बघणे एवढेच एका परिचारिकेचे काम. ऑक्सिजन वाचला आणि रुग्णावरचे लक्षही वाढले. वर्षातून एकदा वरून येणाऱ्या पाहुण्यापेक्षा रोज एकच गोष्ट बघणारा माणूस जास्त सुरक्षितता देतो, हे त्यातून दिसले.

मग करायचे काय

हे सारे एकत्र ठेवले की दिशा स्पष्ट होते. पहिली गरज नोंदणीची: खाट असो वा नसो, पॅथी कुठलीही असो, तालुक्यातला प्रत्येक दवाखाना एका वहीत हवा, आणि त्यासाठी राज्याने केंद्राचा कायदा घ्यावा किंवा अडलेला स्वतःचा मसुदा बाहेर काढावा. दुसरी गरज छोट्या, बंदिस्त यादीची. छोट्या दवाखान्यासाठी दहा गोष्टी पुरेत: नोंदणी प्रमाणपत्र दिसते का, सिरिंज दर वेळी नवी का, सुई कापायचे यंत्र चालते का, कुपीच्या बुचात सुई खोचून ठेवलेली नाही ना, हात धुण्याची सोय, चार रंगांचे डबे, मुदतबाह्य औषधे, ॲड्रेनॅलिन आणि अंबू बॅग, रुग्णाला लेखी चिठ्ठी, मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची नोंद. यादी जाहीर असेल आणि तिच्याबाहेर विचारता येणार नसेल, तर पाकिटालाही जागा उरणार नाही. तिसरे, तपासनिसाबरोबर त्याच व्यवसायातला एक डॉक्टर असावा, कायाकल्पच्या मधल्या पायरीसारखा. चौथे, निकाल दारावर लागावा, रंगात, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळेल. पाचवे, नापास झालेल्याला आधी मुदत आणि प्रशिक्षण. नोंदणीच नसलेल्याला मात्र थेट पोलीस. आणि अशा माणसावर कारवाई झालेल्या पाड्यावर उपकेंद्राचे कुलूप उघडलेले आहे ना, हे त्याच फेरीत बघावे.

कायदा होईपर्यंत रुग्णाने सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे, चिठ्ठी मागावी, नोंदणी क्रमांक बघावा, असे सल्ले दिले जातात. ते चुकीचे नाहीत. पण तापाने फणफणलेल्या मजुराने, रोज बुडवून आलेला असताना, ज्याच्याकडे उधारी आहे त्या डॉक्टरची उलटतपासणी घ्यावी ही अपेक्षा म्हणजे सरकारने आपले काम सर्वांत दुबळ्या माणसावर ढकलणे होय. गर्भातल्या मुली वाचाव्यात म्हणून सोनोग्राफी यंत्राची दर 90 दिवसांनी तपासणी करण्याचे बंधन आपण कायद्यात घालू शकलो. त्याच रस्त्यावरच्या दवाखान्यातल्या सुईसाठी वर्षातून एक फेरी मागणे, तीही यादी जाहीर ठेवून, हे फार मोठे मागणे नाही.